भेंडीचा केवडा आणि डब्यातलं बी



आजच्या गप्पांचा विषय आपल्या रोजच्या ताटातला आहे. भेंडी. सणावाराला तिला मान नाही, पाहुण्यांसमोर ठेवायची म्हटली तर आपण दोनदा विचार करतो. पण बाजारात गेलो की पिशवीत ती पडतेच. मुलांना आवडते, शिजायला वेळ लागत नाही. या साध्या भाजीमागे शंभर वर्षांचं संशोधन आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याची, परभणीची, जालन्याची माणसं त्यात आहेत. आणखी कोण आहे, तेही आज सांगायचं आहे.

आम्ही रोडपालीच्या बाया. पनवेल तालुक्यातलं हे खाडीच्या अंगाचं गाव. इथल्या जुन्या पिढीचं आयुष्य भातशेतीत गेलं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, त्याची डागडुजी सगळ्या गावानं मिळून करायची, अशी ती शेती. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. हा इतिहास तुमच्यापैकी अनेकींच्या घरात घडलेला आहे, तो नव्यानं सांगायला नको.

शेत गेलं. पण घरामागचं परस, पडवीजवळचा मांडव, आता गच्चीवरच्या कुंड्या आणि रंगाचे रिकामे डबे, हे बायकांच्या हातात राहिलं. तिथे अजूनही शिराळी चढतात, दुधी लोंबतो, अळू पसरतो, भेंडीची चार झाडं उभी असतात. त्यामुळे भाजीच्या बियाण्याचा इतिहास आम्हाला परका वाटत नाही. बी कुठून येतं, कोण तयार करतं, ते पुन्हा पेरता येतं की नाही, हे प्रश्न एका कुंडीलाही लागू आहेत आणि दहा एकरांच्या बागेलाही.

बाहेरून आलेल्या भाज्या, घरात झालेली निवड

आपल्या स्वयंपाकातल्या कितीतरी भाज्या मूळच्या इथल्या नाहीत. मिरची, बटाटा, टोमॅटो ही तिघं अमेरिका खंडातली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्याचा होता. आज मिरचीशिवाय कालवण ही कल्पनाही करवत नाही. भेंडी मूळची आफ्रिकेची की भारताची, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण दोन्हीकडे ती फार जुनी आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर ती अमेरिकेत पोचली, आणि तिथे भेंडी घालून दाट केलेलं 'गंबो' नावाचं कालवण आजही आवडीनं खातात. त्या शब्दाचं मूळही आफ्रिकी भाषेत भेंडीला असलेल्या नावात आहे.

ही सगळी पिकं आपल्या मातीत रुळली कशी? कोणतंही केंद्र, कोणतंही विद्यापीठ नव्हतं तेव्हा. दरवर्षी चांगलं झाड ओळखायचं, त्याची फळं तोडायची नाहीत, ती झाडावर वाळू द्यायची, बी काढून राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं, एवढंच काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. ज्याच्या फळाला गोडी जास्त, जे पावसात सडत नाही, ज्याला कीड कमी लागते, त्याचंच बी पुढे गेलं. शास्त्राच्या भाषेत याला 'निवड पद्धत' म्हणतात. आपल्या आज्या तिला 'बियाला राखणं' म्हणत. काम एकच.

पानावरचा केवडा

आता भेंडीच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. भेंडी लावणाऱ्या प्रत्येकीनं हे पाहिलेलं आहे. रोप छान वाढतं, आणि एके दिवशी कोवळ्या पानाच्या शिरा पिवळ्या दिसू लागतात. आठ-पंधरा दिवसांत पान हळद लावल्यासारखं होतं. भेंडी येते ती आखूड, पिवळट, राठ. कोणी याला केवडा म्हणतं, कोणी हळद्या. झाड मरत नाही, पण हाती काही लागत नाही.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९२४ साली आपल्याच तेव्हाच्या मुंबई इलाख्यात झाली. कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी इलाख्यातल्या पिकांवरच्या अशा रोगांबद्दल लिहिताना ती केली. त्या वेळी कारण पुरतं उमगलेलं नव्हतं. कोणाला वाटे जमिनीत काही कमी आहे, कोणाला वाटे पाणी जास्त झालं. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा विषाणूचा रोग आहे, आणि त्याला 'पिवळ्या शिरांचा मोझॅक' असं नाव दिलं. नंतरच्या वर्षांत हेही स्पष्ट झालं की हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पांढरी माशी नेते. पानाच्या मागच्या बाजूला बसणारी, पान हलवलं की भुर्रकन उडणारी ती इवलीशी माशी.

एवढं कळायला सोळा वर्षांहून जास्त काळ गेला. पण त्यामुळे एक गोष्ट नक्की झाली. विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर फवारण्यासारखं औषध नाही. माशीला आवर घालता येतो, रोगट झाड उपटता येतं, पण आजारी झाड बरं करता येत नाही. मग उपाय एकच उरतो. जे झाड या रोगाला दाद देत नाही, असं झाड शोधायचं आणि त्याच्या पोटातून नवी जात काढायची.

क्रमांक १५४२

हा शोध दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झाला. ही संस्था १९०५ साली बिहारमधल्या पुसा या गावी सुरू झाली होती. १९३४ च्या भूकंपात तिथल्या इमारती कोसळल्या, आणि मग ती दिल्लीला हलवली. पण गावाचं नाव तिनं सोडलं नाही. म्हणून तिथे तयार झालेल्या जातींच्या नावात आजही 'पुसा' असतं. पुसा रुबी टोमॅटो, पुसा सावनी भेंडी ही नावं तुम्ही बियाण्याच्या पाकिटावर वाचली असतील.

तिथे हरभजन सिंग आणि त्यांचे सहकारी देशभरातून भेंडीचं बी गोळा करत होते. आलेल्या प्रत्येक नमुन्याला ते क्रमांक देत आणि पेरून पाहत. त्यांच्याकडे 'पुसा मखमली' नावाची एक जात होती. भेंडी दिसायला सुरेख, पण केवड्यापुढे टिकत नसे. मग पश्चिम बंगालमधून आलेला एक नमुना त्यांच्या नजरेत भरला. त्याचा क्रमांक होता आयसी १५४२. आजूबाजूची झाडं पिवळी पडली तरी याच्या पानांवर रोगाचं चिन्ह दिसत नव्हतं.

मग या दोघांचं लग्न लावलं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर कोमेजतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी एका जातीच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे, कळी झाकून ठेवायची, आणि सकाळी दुसऱ्या जातीचा पराग तिच्यावर लावायचा. त्यातून आलेलं बी पेरायचं, शेकडो झाडांतून चांगली निवडायची, पुन्हा पेरायची. अशा अनेक पिढ्यांनंतर १९६० च्या सुमारास 'पुसा सावनी' ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. नावातला सावन म्हणजे आपला श्रावण. पावसाळ्यातही हिरवीगार राहणारी भेंडी, अशी तिची ख्याती झाली.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबूया. पुसा सावनीच्या इतिहासात हरभजन सिंगांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. पण आयसी १५४२ हा नुसता क्रमांक आहे. ते बी बंगालमधल्या कुणाच्या तरी परसात किंवा शेतात वाढत होतं. कुणीतरी ते दरवर्षी राखून ठेवलं होतं. ते हात बाईचे होते की बाप्याचे, हे क्रमांकावरून कळत नाही. त्या हातांनी एखाद्या वर्षी कंटाळा केला असता, तर शास्त्रज्ञांच्या हाती तो नमुना पडला नसता.

जालन्याचं बियाणं

नवी जात प्रयोगशाळेच्या शेतात तयार झाली म्हणून ती गावागावात पोचत नाही. तिचं शुद्ध बी मोठ्या प्रमाणात वाढवावं लागतं. हे काम ज्यांनी मनावर घेतलं त्यांत जालन्याचे बद्रीनारायण बारवाले हे मोठं नाव. पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी या कामाला सुरुवात केली, आणि १९६४ साली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स, म्हणजे महिको, ही कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गावोगावच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यांच्या शेतात बियाणं पिकवायचं, ही पद्धत त्यांनी मोठ्या प्रमाणावर राबवली. बियाण्याच्या या शेतीत परागीकरणाचं नाजूक काम फार मोठ्या प्रमाणात बायकांच्या हातांनी होतं, हे इथे आवर्जून सांगायला हवं.

बाजारातून बी आणायची सवय इथून लागली. तिचा फायदाही झाला. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी खात्रीचं, एकसारखं बी मिळू लागलं. एकसारखी भेंडी आली की बाजारात भाव बरा मिळतो.

पुसा सावनी हरली, परभणी क्रांती आली

पण रोगाशी चाललेली ही कुस्ती एका डावात संपत नाही. पुसा सावनी देशभर पेरली गेली. सगळीकडे एकच जात असली की रोगालाही एकच कुलूप उघडायचं असतं. विषाणू बदलत राहतो. हळूहळू पुसा सावनीच्या पानांवरही पिवळ्या शिरा दिसू लागल्या. ज्या जातीनं भेंडी वाचवली होती, तिलाच वाचवायची वेळ आली.

आता शास्त्रज्ञांना नेहमीच्या भेंडीत पुरेसा कणखर जोडीदार मिळेना. म्हणून ते तिच्या रानटी नातेवाइकांकडे वळले. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं होतं. तिथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर 'मॅनिहॉट' नावाच्या रानभेंडीशी केला. ही रानभेंडी खायला चांगली नाही, पण केवड्याला ती भीक घालत नाही.

हे काम अवघड होतं. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत. दोन वेगळ्या प्रकारच्या भेंड्यांच्या संकराचंही बरंचसं तसंच असतं. झाड वाढतं, फुलतं, पण बी फार थोडं धरतं. जे थोडं बी मिळालं ते पेरून, त्या झाडांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून, रानभेंडीची रोगाशी लढायची ताकद ठेवायची आणि तिचा राठपणा मागे सोडायचा, असं बरीच वर्षं चाललं. १९८५ च्या सुमारास त्यातून 'परभणी क्रांती' ही जात आली. ती महाराष्ट्राबाहेरही पोचली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनंही रानभेंडीच्या मदतीनं 'अर्का अनामिका' ही जात काढली. आज या जातींवरही काही ठिकाणी केवडा दिसतो, आणि संशोधक पुन्हा जुने नमुने, रानटी प्रकार तपासत बसले आहेत.

या सगळ्यातून आम्हाला समजलेली गोष्ट अशी. भाजीची कोणतीही जात कायमची नसते. ती दमते, मागे पडते. मग संशोधकाला पुन्हा कुणाच्या तरी परसातल्या जुन्या बियाकडे किंवा रानातल्या झाडाकडे जावं लागतं. जुनं बी म्हणजे आठवण म्हणून जपायची वस्तू एवढंच नाही. पुढच्या रोगाशी लढायची ती शिदोरी आहे. ती संपली, तर प्रयोगशाळेचेही हात रिकामे.

आपल्या कोकणातलं काम

कोकणासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालीच सुरू झालं. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावानं ओळखलं जातं. आपल्याला सगळ्यात जवळचं त्याचं काम म्हणजे पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्या. ज्या खाऱ्या पाण्याशी रोडपालीसारख्या गावांनी बांध घालून झुंज दिली, त्याच पाण्याशी बियाण्यातून झुंज देण्याचं हे काम आहे.

भाज्यांतही दापोलीनं कोकणच्या पावसाला मानवतील अशा जाती दिल्या. कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता, माठाची कोकण दुरंगी, वालाची कोकण भूषण. वालाचं नाव काढलं की रायगडातल्या बाईला पोपटी आठवणारच. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्डीचा पाला घालून, बाहेरून जाळ लावलेली पोपटी. ती चव त्या गावठी वालाची आहे. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा, वेगळं पाणी न मागणारा तो वाल. भाताची शेतं गेली तसा तोही आमच्या बांधाबांधांवरून कमी झाला.

आणि अलिबागचा पांढरा कांदा बघा. खंडाळे, कार्ले या भागातला हा गोडसर कांदा. त्याचं बी तिथले शेतकरी वर्षानुवर्षं घरीच धरतात. कांद्याच्या पातीची वेणी घालून माळा करायचं कौशल्य त्या घरांतल्या हातांत आहे. या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे दुसरीकडचा कांदा अलिबागचा म्हणून विकता येत नाही. घरच्या बियाला मिळालेला हा सरकारी शिक्का आहे.

संकरित बी आणि रिकामे डबे

१९८८ साली केंद्र सरकारनं नवं बियाणे धोरण आणलं. भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात सोपी झाली, खासगी कंपन्या मोठ्या प्रमाणात आल्या, आणि संकरित जातींचा काळ सुरू झाला. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, काकडी, भेंडी, सगळ्यांत संकरित बी आलं. त्याच्याबरोबर ठिबक सिंचन आलं, जमिनीवर अंथरायचा मल्चिंगचा कागद आला, शेडनेट आलं, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये रोपं करायची पद्धत आली. याला आज आधुनिक बागायत म्हणतात. थोड्या पाण्यात, थोड्या जागेत जास्त भाजी येते हे खरं आहे. ट्रेमधलं रोप उपटताना मुळं तुटत नाहीत, ठिबकनं तण कमी होतं, आणि तण काढायला वाकणारी पाठ बायकांचीच असते. त्यामुळे या गोष्टींना नावं ठेवायचं आम्हाला कारण नाही.

मात्र एक फरक प्रत्येकीला ठाऊक हवा. बियाणं दोन प्रकारचं असतं. एक सुधारित, जसं पुसा सावनी, परभणी क्रांती किंवा कोकण तारा. याचं बी नीट धरलं तर पुढच्या वर्षी तशीच भाजी येते. दुसरं संकरित, पाकिटावर 'संकरित', 'हायब्रिड' किंवा 'एफ-१' असं लिहिलेलं. ते दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी असते. उत्पन्न भरपूर, पण त्याचं बी धरून पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. कुणाची भेंडी आखूड, कुणाची वाकडी. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

ज्या घरात दरवर्षी पाकीट येऊ लागलं, तिथला बियाचा डबा रिकामा होत गेला. हे कुणी ठरवून केलं नाही. पण बियाण्याचा निर्णय घरातल्या बाईच्या हातून दुकानाच्या गल्ल्यावर गेला. पूर्वी कोणतं बी ठेवायचं हे ती ठरवायची. आता कोणतं पाकीट घ्यायचं हे बहुतेक वेळा पैसे मोजणारा ठरवतो.

नाव लागायला हवं

हा डबा पुन्हा भरता येतो, हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. वाल, भाज्या, भात यांचे गावठी वाण त्यांनी घरोघरून गोळा केले, पेरले, वाढवले आणि बचत गटांच्या बायांना वाटले. बायफ या संस्थेनं त्यांना साथ दिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाला राखण्याच्या कामाला देशानं मान दिला, आणि या वेळी क्रमांकाच्या मागचं माणूस नावानिशी समोर आलं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००१ साली संसदेनं पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यानुसार शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी कंपनीच्या नावाच्या पाकिटात भरून मात्र विकता येत नाही. गावानं किंवा गटानं जपलेल्या वाणाची नोंदणी शेतकऱ्यांच्या नावावर करता येते, आणि अशा वाणापासून कुणी नवी जात काढली तर लाभात वाटाही मागता येतो. पण वाटा मागायला नोंद लागते. बंगालच्या त्या भेंडीसारखा नुसता क्रमांक उरला, तर मागणार कोण?

एक कुंडी, एक वही

म्हणून शेवटी कामाचं बोलू. भेंडीचं बी घरी कसं धरायचं, ते ऐका. बी सुधारित किंवा गावठी जातीचं हवं. निरोगी झाडं आधीच हेरून त्यांना रंगीत चिंधी बांधा. ज्याच्या पानावर केवड्याची एक जरी शिर दिसली, ते झाड लगेच उपटा. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या रंगाचे चिकट सापळे लावा. भेंडीचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं, पण मधमाशा दुसऱ्या जातीचा पराग आणून टाकतात. शेजारी दुसरी जात असेल, तर कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावर कागदाची छोटी पिशवी बांधा, आणि फळ धरलं की काढा. पहिल्या काही भेंड्या खायला तोडा, मधल्या बियासाठी झाडावर ठेवा. भेंडी तपकिरी होऊन तिच्या शिरा उकलू लागल्या की तोडा. बी सोलून सावलीत खडखडीत वाळवा, राखेत घोळवा आणि कोरड्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा.

दुसरं काम वहीचं. प्रत्येक गटानं एक वही करावी. त्यात लिहायचं की बी कशाचं, कुणाकडून आलं, ती बाई कोणत्या गावची, किती साली पेरलं, रोग आला की नाही, चव कशी होती. कुणाच्या माहेरून गावठी वाल आला असेल, कुणाच्या आजेसासूचा पडवळ असेल, तर तिचं पूर्ण नाव लिहायचं. पुढे एखाद्या संशोधकानं पनवेलच्या परसातलं बी नेलं, तर त्याच्या नोंदीत क्रमांकाशेजारी तिचं नावही जायला हवं.

रोडपालीत आज शेतं राहिली नाहीत. पण बी राखायला एकर लागत नाहीत, चार झाडं पुरतात. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरात असेल ते एक मूठ बी आणा, कागदात बांधून, वर नाव लिहून. वहीचं पहिलं पान तिथेच भरूया.